लग्नाआधीची सुई

आमच्या कंपनीत कुणाचं लग्न ठरलं की पेढे वाटणारा टूलरूमकडे जायला कचरायचा. तिथे दस्तगीरभाई असत. ते पेढा घ्यायचे, अर्धा तोंडात टाकायचे, उरलेला कागदात गुंडाळून खिशात ठेवायचे आणि मग चारचौघांत, मशीनच्या आवाजावर आवाज चढवून विचारायचे, "पोरीला रुबेलाची सुई दिल्याली हाय का? इचारलंस तिला?"

नवरदेव लाजून गोरामोरा व्हायचा. बाकीचे खिदळायचे. होणाऱ्या बायकोला फोनवर सिनेमाचं विचारायचं की इंजेक्शनचं? पण दस्तगीरभाईंना हसण्याचं काही नसे. "लग्नाच्या आदी देऊन टाक. आदी निवांतपना आसतो. नंतर समदी घाई," एवढं सांगून ते पुन्हा कामाला लागत. एकदा ऑफिसमधल्या साहेबांनी त्यांना बोलावून समज दिली, की लेडीज मॅटरवर शॉपमध्ये बोलू नका, तक्रारी येतात. त्यावर ते म्हणाले होते, "साहेब, रोग गड्याला बी हुतो. लेडीज मॅटर कसलं त्यात?" कंपनीत त्यांचं नाव 'सुईभाई' पडलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं.

मागच्या थंडीत ते गेले. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दलही लिहावं लागणार आहे, आणि ते फारसं चांगलं नाही.

मी लातूरकडचा. आयटीआय करून चाकणला आलो, गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये लागलो. दस्तगीरभाई तिथले डाय फिटर, म्हणजे पत्रा कापणारे पोलादी साचे घासून जुळवणारे, पन्नाशी ओलांडलेले. घर चिखली गावठाणात, तीन-चार पिढ्यांपासून. वडिलांचं आकुर्डीला सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा हात धरून एका डायवरून फिरवला. "डोळं झाक. खडबडीत कुठं लागतंय?" मी म्हणालो, कुठंच नाही. "लागंल. बोटाला शिकायला वरीस लागतं. तवर माझ्या बोटावर इस्वास ठेव." त्यांचं बोट खरोखरच चुकत नसे. मीही चिखलीतच खोली घेतलेली असल्यामुळे आम्ही एकाच कंपनीबसने जायचो. शेजारी बसता बसता वर्षभरात ते माझे इथले वडीलधारे होऊन गेले.

बसमध्येच त्यांनी मला नाझियाबद्दल सांगितलं. नाझिया त्यांची धाकटी मुलगी. ती पोटात असताना शकीलाभाभींना दुसऱ्या महिन्यात बारीक ताप आला, अंगावर लालसर पुरळ उठलं आणि तीन दिवसांत गेलंही. घरच्यांना वाटलं, उष्णता झाली असेल. मूल जन्मलं ते मुठीएवढं. दोन्ही डोळ्यांत पांढरं, हृदयाला भोक, आणि पुढे कळलं की ऐकूही येत नाही. पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं, की याला रुबेला म्हणतात. आईने लग्नाआधी एक लस घेतली असती तर हे टळलं असतं.

"ऑपरेशनं झाली," ते म्हणाले. "दिल वाचलं, डोळं थोडं वाचलं. कान न्हाई. पर पोरगी लई हुशार हाय माझी. घरी बसून रबरी वॉशरचं काठ कातरती, एक माल वापस येत न्हाई. मला ती हवीच हाय, आशीच्या आशी. पर तिनं का म्हनून येवढं सोसायचं राव?"

माझं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे देऊन त्यांच्या प्रश्नाआधीच सटकलो. लग्न होऊन वैशालीला चिखलीला आणलं, त्यानंतर महिन्याभरात त्यांनी मला बसमध्ये गाठलं. "दिली का सुई?" मी म्हणालो, घेऊ निवांत. "निवांत कसलं? पाळना हलल्यावर घेनार व्हय?" रोज सकाळी हेच. शेवटी मी वैशालीला विचारलं. तिला आठवत नव्हतं, तिच्या आईलाही नाही, आणि कागद तर कुठेच नव्हता. ती म्हणाली, "काका बरोबरच सांगतात. घेऊन टाकू."

रजा एका गुरुवारी मिळाली, तीही अर्ध्या दिवसाची. बुधवारी संध्याकाळी भाकरी थापता थापता वैशाली म्हणाली, "चार दिवस वर झालेत मला. थांबू या का थोडं?" तिची पाळी नेहमीच पुढेमागे होते, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "परत रजा मिळणार नाही. तुझं नेहमीचंच आहे ते." तिने तव्यावरची भाकरी उलटली.

दवाखान्यात डॉक्टरांनी सिरिंज भरायच्या आधी नीट विचारलं, "दिवस गेलेले नाहीत ना? पाळी वेळेवर आहे?" वैशालीने तोंड उघडलं, पण मीच बोललो. "नाही नाही, तसं काही नाही, डॉक्टर." का बोललो? दुपारी कामावर हजर व्हायचं होतं, ते एक. आणि परक्या माणसासमोर बायकोच्या पाळीची चर्चा मला नको होती, ते दुसरं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, "आता महिनाभर दिवस राहू देऊ नका." वैशालीने माझ्याकडे पाहिलं. मी खिसे चाचपत बाहेर आलो.

दोन आठवड्यांनी तिने मेडिकलमधून पट्टी आणली. दोन रेघा उमटल्या. हिशेब सरळ होता. सुई टोचली तेव्हा गर्भ पोटात होताच.

त्या दिवसापासून आमच्या खोलीत कुणी धड जेवलं नाही. मी मोबाइलवर शोधत बसायचो आणि नेमकं तेच दिसायचं, मोतीबिंदू झालेली, कानाला यंत्र लावलेली बाळं. ते फोटो त्या रोगाचे आहेत की लशीचे, हे पाहण्याइतकं भान मला नव्हतं. गावाहून आई फोनवर म्हणाली, "पहिलंच हाय, काढून टाका. जन्माची शिक्षा कशाला घेता?" जवळच्या एका नर्सिंग होममध्ये गेलो, तर तिथल्या डॉक्टरांनी घड्याळाकडे बघत सांगितलं, "रिस्क कशाला घेता? तरुण आहात, पुन्हा राहील. सोमवारी या." वैशाली घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजली. ती माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त एकदाच म्हणाली, "मी सांगत होते."

दुसऱ्या दिवशी मी थेट टूलरूममध्ये गेलो. दस्तगीरभाई कानशीने साच्याचा एक पंच घासत होते. मी सगळ्यांसमोर ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण एक वाक्य आठवतं, आणि ते विसरायची माझी लायकी नाही. मी म्हणालो, "तुमच्या घरात आंधळं-बहिरं जन्मलं, म्हणून सगळ्यांच्या घरात तसलंच पाहिजे का तुम्हाला?"

दस्तगीरभाईंनी कानस खाली ठेवली. हात पुसले. मग हळू आवाजात म्हणाले, "सुई देताना डॉक्टरनं काय इचारलं हुतं?"

"काही नाही विचारलं," मी म्हणालो.

त्यांनी कानस पुन्हा उचलली. "बरं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कंपनीच्या कपड्यांत नव्हते. आमच्या खोलीच्या दाराशी माझी वाट बघत उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. "आज रजा टाक. वैशालीला घे. पिंपरीला जायाचं हाय. त्या डॉक्टरीनबाई हायत अजून तिथं, मी काल सांजच्याला जाऊन भेटलोय. काढून टाकायचं आसंल तर तुमी मालक हाय, मी कोन सांगनार? पर आदी ऐकून तर घ्या." मी काहीतरी तोडून बोलणार होतो. पण वैशाली पदर खोचून, चपला घालून केव्हाच बाहेर येऊन उभी होती.

हॉस्पिटलच्या बाकावर तिघे दीड तास बसलो. बाई आता केस पिकलेल्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या होत्या. त्यांनी वैशालीला खुर्चीवर बसवलं आणि मला उभंच ठेवलं. सगळ्या तारखा लिहून घेतल्या. मग विचारलं, "लस देण्याआधी तुला पाळीचं विचारलं नाही कुणी?"

"विचारलं होतं," वैशाली म्हणाली. "मला सांगायचं होतं. यांनीच नाही म्हणून सांगितलं. आदल्या दिवशी मी म्हणाले होते, थांबू या."

दस्तगीरभाई दाराशी उभे होते. त्यांनी हे ऐकलं. मी मान वर केली नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि शांतपणे समजावलं. या लशीत रुबेलाचा विषाणू असतो, जिवंत पण दुबळा केलेला. म्हणून पोटात बाळ असताना ती देत नाहीत, आणि दिल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नका म्हणतात. ती खबरदारी आहे आणि ती पाळायलाच हवी होती. "पण चुकून अशी लस घेतलेली तू काही पहिली नाहीस," त्या म्हणाल्या. "अशा बायकांची बाळं डॉक्टरांनी वर्षानुवर्षं तपासलीत. रोगामुळे नाझियाचं जे झालं, ते या लशीमुळे झालेलं आढळलेलं नाही. केवळ एवढ्या कारणासाठी कुणी मूल पाडायला सांगत असेल, तर त्याचं ऐकू नकोस."

"म्हणजे बाळ चांगलंच होईल?" वैशालीने विचारलं.

"तसं कुठल्याच बाळाबद्दल मी लिहून देत नाही, बाळा. लशीची भीती मात्र काढून टाक. बाकी नऊ महिने मी बघेन."

बाहेर आल्यावर वैशाली दस्तगीरभाईंना म्हणाली, "काका, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"तुझ्या जागी मी कदी नव्हतोच, पोरी," ते म्हणाले. "तुझ्या जागी शकीला हुती. तिला इचार."

तशी ती विचारायला गेलीही. त्याच दुपारी, एकटी. शकीलाभाभींनी तिला काय सांगितलं, ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही. संध्याकाळी घरी आली, भाताला आधण ठेवलं आणि म्हणाली, "सोमवारी आपण कुठंही जाणार नाही."

त्या दिवशी ती तिकडे गेली असताना मी आणि दस्तगीरभाई बसथांब्यावर बसलो होतो. मला वाटलं होतं, ते आता माझ्या खोटेपणावर बोलतील. पण ते वेगळंच बोलले.

"तुला एक सांगतो. शकीलाच्या आदी पुरळ माझ्या अंगावर उठलं हुतं. शॉपमदी दोघातिघांना आल्यालं, तिथनं मला लागलं. कानामागं गाठी आल्या, जरा कणकण, दोन दिस. मी कामाला गेलो, घरी आलो, तिच्या ताटात जेवलो. मला काय ठाव? ती तपासायला गेली तवा डॉक्टरनं इचारलं बी, घरात कुनाला पुरळ आल्यालं का? मी म्हनलं, न्हाई. वाटलं, मला काय झालंय, गड्यामानसाला काय हुतंय. ह्ये शकीलाला मी बारा वर्सांनी सांगितलं. मी बी न्हाईच म्हनलो हुतो राव. तुझ्यावानीच."

एवढी वर्षं ते बायकांना सोडून पुरुषांनाच का विचारत, ते तेव्हा कुठे मला कळलं.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. बाईंनी कितीही समजावलं तरी भीती एकदम जात नाही. चौथ्या महिन्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनची वेळ आली, तेव्हा वैशालीने दंड झाकून घेतला. "आता एकही सुई नको." बाईंनी पुन्हा तेवढ्याच धीराने सांगितलं, की या लशीत जिवंत काहीच नसतं, ही गरोदरपणातच द्यायची असते, तुझ्यासाठी आणि बाळासाठीही. तरी ती तयार होईना. तेव्हा सोबत आलेल्या शकीलाभाभी तिच्याशेजारी बसल्या, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "मी घेतल्या हुत्या ह्या धनुर्वाताच्या दोन्ही. ह्या सुयांनी माजं काय वाईट केलं न्हाई. जी घेतली न्हाई, तिनं केलं." वैशालीने डोळे मिटून दंड पुढे केला.

कंपनीत मात्र एक गोष्ट बदलली होती. वेल्डिंगच्या मयूरचं लग्न ठरलं, तो पेढे घेऊन आला. आम्ही सगळे वाट बघत होतो. दस्तगीरभाईंनी पेढा घेतला, "मुबारक" म्हणाले आणि पाठ वळवून कामाला लागले. मयूर थोडा वेळ उभाच राहिला, जणू काही द्यायचं राहिलंय. मग गेला. हसायला कुणालाच सुचलं नाही.

मला ते सहन होईना. सुटी झाल्यावर मी पार्किंगमध्ये मयूरला गाठून तोच प्रश्न विचारला आणि दस्तगीरभाईंना येऊन सांगितलं. ते खूश झाले नाहीत. "आदी तपासून घे म्हनालास का? पोटात काय न्हाई ना, बघून घे म्हनालास? महिनाभर दम धर म्हनालास?" मी म्हणालो, नाही. "मग परत जा. मी बी कदी कुनाला सांगितलं न्हाई ते. नुसतं सुई घे, सुई घे. लग्नाआदीच घेत्याल सगळी, आसं धरून चाललो. चूक तुझी हुती, पर माझी बी अर्धी हुती." पुढे ते पुन्हा विचारू लागले, पण प्रश्न लांबला होता. "आदी तपासनी, मग सुई, मग महिनाभर दम," असं ते बोटांवर मोजत सांगत. आणि आता कुणी हसलंच, तरी ते माझ्याकडे बोट दाखवत नसत. मला वाटायचं, दाखवतील. कधीच दाखवलं नाही.

मुलगी झाली. पिंपरीच्याच हॉस्पिटलात, पूर्ण दिवसांची. बाईंनी डोळे बघितले, छाती ऐकली, कानांची तपासणी करवून घेतली. सगळं नीट होतं. मी कॉरिडॉरमधून दस्तगीरभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "शकीलाला देतो," आणि फोन भाभींच्या हातात दिला.

बाळ दीड महिन्याचं झाल्यावर, तिची पहिली इंजेक्शनं देऊन परतताना, आम्ही चिखलीत त्यांच्या घरी गेलो. मी त्याआधी घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं. ओट्यावर नाझिया बसली होती, बावीस-तेवीस वर्षांची, जाड चष्मा, मांडीवर वॉशरचं घमेलं. वैशालीने बाळ तिच्यापुढे धरलं. नाझियाने आधी हात ओढणीला पुसले, मग चेहरा अगदी जवळ नेऊन बाळाकडे पाहिलं. बाळाच्या छातीवर पंजा ठेवला आणि त्याच्या रडण्याची थरथर हाताला लागली तशी खळखळून हसली.

मी दस्तगीरभाईंना बाजूला घेतलं. महिनोन्महिने पाठ केलेलं वाक्य अर्धंच बाहेर आलं. "त्या दिवशी टूलरूममध्ये मी जे बोललो..."

"मला कुठं बोललास तू?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तिला बोललास. तिला ऐकू आलं न्हाई, येवढंच."

मी विचारलं, तुमच्या खुणांमध्ये 'माफ कर' कसं म्हणतात. त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरून दाखवल्या. मी ओट्यापुढे उकिडवा बसलो, तिला नीट दिसावं म्हणून अगदी समोर, आणि कान धरले.

नाझिया चकित झाली. माझ्याकडे, मग बापाकडे पाहून तिने हाताचा पंजा उलटा केला. कशाबद्दल?

मी दस्तगीरभाईंकडे पाहिलं.

"ते मी न्हाई सांगायचो तिला," ते म्हणाले.

नाझियाने थोडा विचार केला. मग बाळाकडे बोट दाखवलं, दीड महिन्याचे दिवस हवेत मोजले आणि माझ्यासमोर बोट नाचवून मला दटावलं. बाळाला इतक्या उशिरा का आणलंस, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. मग तिने पुढे वाकून माझे दोन्ही हात कानांवरून काढले आणि हसत माझ्या डोक्यावर टपली मारली.

वैशाली मान खाली घालून बाळाचं झबलं सारखं करत राहिली. दस्तगीरभाई पाणी आणतो म्हणून आत गेले. आम्ही निघेपर्यंत ते बाहेर आले नाहीत.